कोनाड्यातला पाहुणा

पाहुणा आला होता चातुर्मासापुरता आणि आता जायचं नाव घेत नव्हता. बरं, त्यानं तरी काय करावं? तो पडला देव. त्याला न्यायचं काम कमिटीचं, आणि कमिटीला सवड नव्हती.

बोरीच्या पलीकडं आडवाटेला हिंगळखेड नावाचं गाव आहे, असं समजा. तिथं रायभान गुरवाचं एका खणाचं घर. पुढं ओसरी, मागं परसात कडुनिंब, आणि घरात उगवतीच्या भिंतीला एक कोनाडा. त्या कोनाड्यात तांब्याचा कलश. कलशाच्या तोंडावर आंब्याची पानं, पानांवर नारळ, गळ्याला दोरा. पानं सुकली की रायभान बदलायचा, नारळ नासला की बदलायचा. पाणी मात्र बदलायचं नव्हतं. आटेल तेवढंच वरून भरायचं. कारण गावचा तपेश्वर महादेव त्या पाण्यात राहायला आला होता.

तपेश्वराचं खरं घर गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. जुनं हेमाडपंती देऊळ. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड ठेवलेला आणि शेकडो वर्षं तसाच राहिलेला. ते बांधलं कुणी, असं विचारलं तर म्हातारे सांगत, पांडवांनी. एका रात्रीत बांधायला घेतलं आणि कोंबडं आरवलं म्हणून शिखर अर्धं राहिलं. शाळेतले गुरुजी सांगत, देवगिरीच्या यादवांचा काळ. रायभानचा बाप म्हणायचा, “बांधलं कुणी का आसंना, झाडावं आपल्यालाच लागतंय.” निजामाचा जमाना संपताना रझाकारांच्या भीतीनं अर्धं गाव बायकापोरांसकट त्या मंडपात लपलं होतं. देवळानं त्यांना सांभाळलं. पुढं देवळाला सांभाळायची वेळ आली तेव्हा गावाची काय गत झाली, तीच ही गोष्ट.

एकोणसत्तर सालच्या पावसात मंडपाची एक दगडी तुळई तडकली आणि गाभाऱ्यात पाणी गळायला लागलं. तेव्हाचे पाटील आश्रुबा यांनी कमिटी केली. जीर्णोद्धार करायचा ठरला. पण देव आत असताना देवळाला घण लावायचा कसा? सेलूहून एक म्हातारे शास्त्रीबुवा आणले. त्यांनी दिवसभर मंत्र म्हणून पिंडीतला देव काढला आणि कलशातल्या पाण्यात घेतला. “आता ही पिंड म्हणजे नुसता दगड,” ते म्हणाले. “देव ह्या पाण्यात आहे. चार महिन्यांत काम करा, मग हेच पाणी पिंडीवर घालून देव पुन्हा आत न्यायचा. तोवर पाणी आटू द्यायचं नाही. रोजचं पहिलं पाणी देवाला, मग माणसांना. घराला कुलूप नको. घरात बाळंतपणाचं सुवेर नको, विटाळ नको. आणि एकदा ठेवलेला कलश हलवायचा तो फक्त देवळाकडं न्यायला.”

कलश ठेवायचा कुणाच्या घरी, असा प्रश्न निघाला आणि जमलेली मंडळी एकदम जमिनीकडं बघायला लागली. पाटलाच्या घरात सुनेला दिवस गेलेले. दुकानदाराला बाजाराला जावं लागे. एकाच्या घरी उंदीर फार, दुसऱ्याच्या घरी भावकी फार. देव सगळ्यांना हवा होता, पण देवळात. शेवटी आश्रुबा पाटील म्हणाले, “रायभान, तुज्या घरी दोघंच म्हातारीकोतारी. लेक दिली सेलूला. तुज्याइतकं निवांत घर गावात दुसरं न्हाई.”

रायभानला त्या वेळी अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगा. ओलेत्यानं तो कलश डोक्यावर घेऊन वाजतगाजत घरी आला. बायको अंबाबाई दारात पंचारती घेऊन उभी होती. तिनं ओवाळलं आणि हळूच विचारलं, “चारच महिने ना?”

“चारच.”

“न्हाई, केवळाला दिवस गेलेत म्हणून इचारलं.”

केवळा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. सेलूला दिलेली, नवरा जिनिंगमध्ये कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. दिवाळीनंतर तिला आणायचं ठरलेलं होतं, आणि दिवाळीपर्यंत देव जाणारच होता.

दिवाळी आली. गुत्तेदार नागनाथ यानं मंडप उतरवून दगड ओढ्याकाठी मांडून ठेवले होते आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला होता. रायभान आश्रुबा पाटलाकडं जाऊन उंबऱ्याखाली बसला. “पाटील, लेकीला आणायचंय.”

“आण की.”

“घरात देव हाय. सुवेर चालत न्हाई.”

पाटलांनी पानाला चुना लावला आणि ते म्हणाले, “थोडं दमानं घे. देवाचं काम हाय.”

दमानं घ्यायला बाळंतपण काही खळ्यावरची रास नव्हे. केवळा सासरीच बाळंत झाली. अंबाबाई सेलूला जाऊन राहिली, रायभानला जाता आलं नाही, कारण पहाटेचं पाणी कोण घालणार? केवळाची सासू येईल जाईल त्या बाईला सांगायची, “हिच्या बापाच्या घरी देवाला जागा हाय, लेकीला न्हाई.” बाळंतपण अवघड गेलं. मुलगी झाली. आणि त्या अंथरुणावरून केवळानं आईजवळ निरोप दिला, “बाबाला म्हणावं, देव आन मी एका घरात मावत न्हाई. देव जाईल तवा मी येईन.”

पोर बापावर गेलेली. बोलली ते पाळलं. सणाला नाही, जत्रेला नाही, वर्षं गेली तरी तिनं माहेरी पाऊल टाकलं नाही. रायभानची नात चालायला लागली, बोलायला लागली, आणि पहाटेच्या पाण्यापायी गाव न सोडलेल्या आजोबानं तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्याच्या जिवाला लागलेली गोष्ट ती एवढी एकच. बाकी कष्टाचं त्याला काही नव्हतं.

इकडं काम चाललं होतं, म्हणजे चाललं नव्हतं. देव कलशात गेल्यावर देऊळ म्हणजे नुसते दगड उरले, त्यामुळं एक मजेची गोष्ट मात्र घडली. गावचा लिंबाजी, रायभानच्याच वयाचा, बौद्धवाड्यातला. त्याच्या बापजाद्यांनी नंदीच्या पुढं कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि छप्पन सालच्या धर्मांतरानंतर लिंबाजीला टाकायची इच्छाही उरली नव्हती. पण आता दगड उचलायला माणसं पाहिजे होती. लिंबाजी आणि त्याचे भाऊ सरळ गाभाऱ्यात जाऊन पहार लावायला लागले. कुणी हूं का चूं केलं नाही. “देव न्हाई ना आत,” लोक म्हणत. लिंबाजी रायभानला म्हणायचा, “भौ, तू देव घरी ठिवलास म्हणून आमाला रोजगार लागला बग.”

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सगळं गाव खडी फोडायला गेलं. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरेनात. रायभानच्या आळीची विहीर उन्हाळ्याआधीच तळाला गेली. गावात पाणी उरलं ते फक्त बौद्धवाड्याच्या आडात. एका पहाटे रायभान तांब्या घेऊन त्या आडावर गेला. लिंबाजीची बायको सुलाबाई पाणी शेंदत होती. ती थांबली.

“देवासाठी नेताव का, भाऊ?”

“व्हय.”

“देवाला चालंल का आमचं पाणी?”

रायभान थकलेला होता. रात्रभर त्याला कलश कोरडा पडल्याची स्वप्नं पडत होती. तो म्हणाला, “वैनी, इतके दिस माज्या घरी हाय, कशालाच न्हाई म्हणला न्हाई. बोलतच न्हाई तो.”

सुलाबाईनं आपला पोहरा त्याच्या तांब्यात रिकामा केला. मग पाऊस पडेपर्यंत तपेश्वर त्याच आडाचं पाणी प्याला. गावात बऱ्याच जणांना हे ठाऊक होतं. पण कुणी बोललं असतं तर पाण्याची दुसरी सोय त्यालाच करावी लागली असती, म्हणून सगळे गप्प बसले.

दुष्काळ सरला, तर सेलूचे शास्त्रीबुवा वारले. पाठोपाठ आश्रुबा पाटील वारले. कमिटीत दोन तट पडले; एक म्हणे जुनेच दगड बसवा, दुसरा म्हणे सिमेंट वापरा. मग आणीबाणी आली. कमिटीवाले सांगत, आता पाच माणसांनी एके ठिकाणी बसायची सोय राहिली नाही. भजी खायला मात्र बसत. रायभान दर सणाला जाऊन विचारायचा आणि दर सणाला “होईल, होईल” ऐकून परत यायचा. पुढं पुढं त्यानं विचारायचंही सोडलं. पहाटे उठायचं, विहिरीवर जायचं, पहिलं पाणी कोनाड्यात घालायचं. ते घातल्याशिवाय त्याच्या किंवा अंबाबाईच्या घशात थेंब जात नसे. तापानं फणफणला तरी भिंत धरून उठायचा. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटायची, पण आधी देव. देवाबद्दल त्याला आता ना भक्ती वाटत होती ना राग. घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की करणाऱ्याचं जे होतं, तेच त्याचं झालं होतं.

अंबाबाईचं तोंड तेवढं शाबूत होतं. “जावई बी एवढं न्हाई राहत,” ती कोनाड्याकडं बघून म्हणायची.

शेवटी आश्रुबा पाटलाचा थोरला, चंद्रभान, कमिटीचा अध्यक्ष झाला आणि त्यानं काम रेटलं. अर्धे दगड खडीत आणि लोकांच्या पायऱ्यांत गेले होते, उरलेले लावले, वर सिमेंटचं शिखर उठवलं, त्याला पिवळा आणि तांबडा तेलरंग दिला. देऊळ नव्या ट्रकसारखं दिसायला लागलं. सत्त्याहत्तरच्या शिवरात्रीला प्रतिष्ठा ठरली.

त्याच सुमाराला गावातला मुंजाजी कापूस घेऊन सेलूला गेला होता, तो निरोप घेऊन आला. “केवळाला पुन्हा दिवस भरत आलेत. इचारायलीय, देव जायलाय का?”

“शिवरात्रीला जायलाय,” रायभान म्हणाला आणि पुन्हा एकदा म्हणाला, “जायलाय म्हणावं. शिवरात्रीच्या सांजच्या एस्टीनं ये म्हणावं. पोरीला बी आण.”

त्या दिवसापासून म्हातारा बदललाच. ओसरी सारवली, बाजेची सुंभं आवळली, परसात शेक-शेगडीसाठी गोवऱ्या रचल्या. अंबाबाई म्हणाली, “एवढी गडबड देवाच्या येळेला बी न्हवती.” पण तीही डिंक आणि आळीव डब्यात भरून ठेवत होती.

शिवरात्रीला सकाळी रायभाननं अंघोळ केली, ओलेत्यानं कोनाड्यापुढं उभा राहिला आणि कलश उचलला. खाली भिंतीच्या मातीत कलशाच्या बुडाचा गोल खळगा पडला होता. कलश डोक्यावर घेऊन तो निघाला. येताना वाजंत्री होती. जाताना कुणी बोलवायलाही आलं नव्हतं. गडबडीत विसरले असतील, असं त्यानं मनाशी म्हटलं.

देवळापाशी मांडव, कर्णा, ही गर्दी. रायभान माणसांतून वाट काढत दारापाशी पोचला तेव्हा आत आरती चालू होती. गाभाऱ्यात नवी, काळीभोर, चकचकीत पिंड होती. कमिटीनं ती नर्मदेवरून आणवली होती. लांबून आलेले एक महाराज आणि त्यांचे शिष्य रात्रीपासून होमाला बसले होते, मुहूर्त पहाटेचा होता, आणि प्रतिष्ठा केव्हाच उरकली होती.

आरती संपल्यावर चंद्रभान बाहेर आला. डोक्यावर कलश घेतलेल्या म्हाताऱ्याला बघून तो थबकला.

“काय, काका?”

“देव आणलाय.”

“कोणता देव?” चंद्रभान म्हणाला आणि मग त्यानं जीभ चावली. खरंच त्याच्या ध्यानात नव्हतं. देव कलशात घेतला तेव्हा तो परभणीला शिकायला होता. ज्यांनी घेतला ते शास्त्री नव्हते, ज्यांनी ठेवायला सांगितलं ते पाटील नव्हते. गावानं नव्या देवाला आवतन दिलं होतं आणि जुना देव गुरवाच्या घरी वाट बघत बसला आहे, हे सगळ्या कमिटीतून एकालाही आठवलं नव्हतं.

चंद्रभाननं महाराजांना विचारलं. महाराज भले होते, पण रात्रभर जागलेले. ते म्हणाले, “बाबा, प्रतिष्ठा झाली. एका ठायी दोनदा होत नाही. ते पाणी वाहत्या नदीत सोडून द्या.”

ओढ्याला तर टिपूस नव्हता. वाहती नदी म्हणजे पार पूर्णा. चंद्रभान रायभानला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, राहू द्या की घरीच. तुमच्या हाताची सवय झाली देवाला. पुढं बगू काहीतरी. आन बेलाचं, झाडायचं काम तुमचंच हाय बरं का, ते कुणी काढत न्हाई.”

रायभानला ओरडावंसं वाटलं. माझ्या लेकीचं माहेर ह्या पाण्यात बुडालं, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण कर्ण्यावर भजन लागलं होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं. एवढी वर्षं ज्याच्यावर तो मनातल्या मनात चिडत आला, त्या देवाची त्याला पहिल्यांदाच कीव आली. तोही बिचारा दाराशी येऊन परत फिरला होता.

घरी जाता येत नव्हतं. सांजच्या एस्टीनं केवळा येणार, आणि कलश कोनाड्यात दिसला की ती त्याच पावली मागं फिरणार, दिवस भरलेले असले तरी. रायभान देवळाला वळसा घालून मागं गेला आणि निंबाखाली टेकला. तिथं उरलेल्या दगडांचा ढीग होता. ढिगाच्या अलीकडं लिंबाजी बिडी ओढत बसला होता.

“भौ, हे काय? देव वापस?”

रायभाननं सांगितलं. लिंबाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला बी सकाळी सांगितलं, पायरीच्या खाली थांब. परवाच्या दिशी त्याच गाभाऱ्यात फरशी घासत हुतो मी.” त्याच्या बोलण्यात धार नव्हती. रोजचं असावं तसं तो बोलला. “आमी छप्पन साली सोडला तुमचा देव. आमाला सुटला. तुमाला कामून सुटंना?”

“त्याला टाकू कुठं, लिंबाजी? जुनी पिंड आसती तर...”

“हाय की.” लिंबाजीनं बिडी विझवली. “मीच काढली तवा. चौघं लागलो हुतो. ती काय, तरवडाच्या झुडपामागं.”

पिंड कलंडून पडली होती. वरच्या अंगाला गुळगुळीत, पाण्यानं झिजलेली, एका बाजूला चीर. रायभानचा बाप तिच्यावर पाणी घालायचा, बापाचा बाप घालायचा. दोघा म्हाताऱ्यांनी पहार घालून ती कशीबशी बसती केली. दोघांनाही धाप लागली. लिंबाजीनं बुडाला दोन दगड दिले आणि मागं सरकून उभा राहिला.

रायभाननं नारळ काढला, पानं काढली, आणि कलश पिंडीवर हळूहळू रिता केला. त्या पाण्यात त्याच्या आळीची विहीर होती, बौद्धवाड्याचा आड होता, किती पावसाळे होते. दगड काळाकुट्ट झाला. पाणी चिरेत शिरलं आणि खालच्या मातीत मुरलं.

“मंतर?” लिंबाजीनं विचारलं.

“मला कुठं येत्यात. जा बाबा आता तुज्या घरी, एवढंच म्हणलो.”

“जाईल की. आन हितं उघड्यावर हाय, त्याला पाण्याची ददात न्हाई. पाऊस घालील.”

रायभान तिथंच बसून रडला. दुःखानं नव्हे आणि आनंदानंही नव्हे. ओझं उतरवल्यावर हमालाचे हात कापतात, तसं त्याचं झालं होतं. लिंबाजीनं त्याला रडू दिलं आणि मग हाताला धरून उठवलं.

सांजच्या एस्टीनं केवळा आली. अवघडलेली, घामाघूम, एका हातात गाठोडं आणि पदराआड सात वर्षांची पोर. ती ओसरीच्या खाली उभी राहिली. आत आली नाही.

“गेला का, बाबा?”

“गेला.”

तिनं बापाच्या तोंडाकडं नीट पाहिलं. तो किती म्हातारा झाला होता, हे तिला तेव्हाच दिसलं असावं. ती उंबरा ओलांडून आत आली. कोनाड्यात फक्त तो गोल खळगा होता. तिनं गाठोडं सोडलं, बाळाची झबली-टोपरी काढली आणि जागा शोधत होती, तर अंबाबाई म्हणाली, “ठिव तितंच. रिकामाच हाय.” नात आजोबाजवळ येईना, पण लांबून टक लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे रायभान नेहमीसारखा उठला. झोपेतच असल्यासारखा विहिरीवर गेला, तांब्या भरून आणला, आणि कोनाड्यापुढं येऊन हात वर केला. पुढं झबली होती. तो तसाच उभा राहिला.

केवळा बाजेवर जागी होती. “बाबा, देव गेला म्हणालात ना?”

“गेला की.”

“मग पाणी कुणाला?”

रायभाननं तांब्याकडं पाहिलं. मग तो भिंतीला टेकून खाली बसला, तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा, दम न घेता, सगळं पाणी पिऊन टाकलं. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं, ते त्यानं पुसलंही नाही.

“लय तहान लागली हुती, पोरी,” तो म्हणाला.